जुना लॅपटॉप घेतांना

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं लग्न झालें आणि त्याच दिवशीं चोरीहि झाली. लग्न थोरल्या पुतण्याचें. चोरीस गेला तो त्याच्या धाकट्या बहिणीचा लॅपटॉप. कार्यालयांतील वरपक्षाच्या खोलीस कुलूप होतें, पण किल्ली दहा जणांच्या हातांतून फिरत होती. मंगलाष्टकें चालू असतां सगळी मंडळी अक्षता घेऊन मंडपांत गेलेली, खोलींत कोणी नाहीं, ही वेळ चोरानें बरोबर साधली. दागिने वहिनींच्या अंगावर होते आणि रोकड दादांच्या कोटाच्या आंतल्या खिशांत होती. राहिली ती पुतणीची पाठीवरची पिशवी.

लग्नास लॅपटॉप आणावयाचा कशाला, असें तिला त्या दिवशीं निदान वीस जणांनीं विचारलें असेल. तिचें उत्तर एकच होतें : एम्. ए.च्या प्रबंधाचें तिसरें प्रकरण दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाईंकडे पाठवावयाचें होतें. रत्नागिरीकडच्या खेड्यांत हिंडून, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिनें ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. मुद्रणें मोबाइलमध्यें होतीं म्हणून वांचलीं. पण त्यांतील शब्द न् शब्द ऐकून लिहून काढलेलीं शेंदीडशें पानें त्या लॅपटॉपमध्यें होतीं, आणि दूरच्या साठवणींत ठेवलेली त्यांची प्रत दोन महिन्यांपूर्वींची होती. त्या बायकांपैकीं एक तर दिवाळीच्या आधींच वारल्या. मुद्रणांत जे शब्द अस्पष्ट राहिले होते ते पुन्हां विचारण्यास आतां कोणी नाहीं.

पोलीस ठाण्यांत फिर्याद द्यावयास गेलों तेव्हां अंमलदारानें पहिल्यानें विचारला तो यंत्राचा अनुक्रमांक. पावती कोणास सांपडेना. आमच्या आईस कोणत्याहि वस्तूचा खोका टाकून देणें म्हणजे पाप वाटतें. माळ्यावर मिक्सरचा खोका आहे, इस्त्रीचा आहे, आणि कधींच मोडींत गेलेल्या रंगीत दूरचित्रवाणी संचाचाहि आहे. ह्यावरून घरांत तिची आजवर थट्टाच होत आली. त्या संध्याकाळीं मात्र तिनें कांहीं एक न बोलतां माळ्याकडे बोट दाखविलें. लॅपटॉपचा खोका तेथें होता आणि त्याच्या कडेवर अनुक्रमांक छापलेला होता. फिर्याद पुरी झाली. रात्रीं पुतणीनें आपल्या सर्व खात्यांचे परवलीचे शब्द बदलले आणि मग ती रडली.

मोबाइल चोरीस गेला तर त्याचा आय. एम. ई. आय. क्रमांक सरकारच्या 'संचार साथी' ह्या २०२३ सालीं सुरू झालेल्या संकेतस्थळावर कळवून तो कोणत्याहि जाळ्यावर चालूं नये असें करतां येतें. लॅपटॉपास असा क्रमांक नसतो आणि अशी सोयहि नाहीं. तो एकदां दुसऱ्याच्या हातीं गेला, पुसून कोरा केला, कीं त्यास पूर्वजन्म उरत नाहीं. ही गोष्ट त्या वेळीं आमच्या ध्यानांत आली नाहीं. पुढें चांगलीच आली.

आठ दिवसांनीं घरांत विचारविनिमय झाला. लग्नाच्या खर्चानंतर दादांचा हात आंखडलेला. नवा, कामास येईल असा लॅपटॉप चाळीस हजारांच्या खालीं मिळेना. आमची शिकस्त पंचवीस हजारांची, आणि त्यांतहि सात हजार पुतणीच्या शिकवण्यांचे. तेव्हां वापरलेला घ्यावयाचा हें ठरलें. नवविवाहित पुतण्या संगणकाच्याच धंद्यांतला, पण तो सपत्नीक केरळांत. सल्ला विचारला तर तिकडून एका ओळीचें उत्तर आलें : "कंपन्यांतून निघालेला जुना थिंकपॅड नाहीं तर लॅटिट्यूड पाहा, आठवी पिढी किंवा पुढची." आठवी पिढी म्हटल्याबरोबर दादांस आमच्या कुलवृत्तांताची आठवण झाली. तेथेंहि आमची माहिती सातव्या पिढीच्या वर जात नाहीं!

ह्या पिढ्यांचें प्रकरण असें. इंटेल कंपनीच्या ज्या चकतीवर लॅपटॉप चालतो तिच्या नांवांत 'आय-५' ह्यापुढें एक संख्या असते. ८२५० असेल तर पिढी आठवी, ७२०० असेल तर सातवी, १०२१० असेल तर दहावी. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ह्या प्रणालीस नियमित विनामूल्य सुरक्षा-सुधारणा पुरविणें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केलें, आणि विंडोज ११ ही प्रणाली, एकदोन अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीच्या अलीकडील यंत्रांवर रीतसर चढत नाहीं. परिणाम असा, कीं सहाव्या-सातव्या पिढीचीं अगदीं धडधाकट यंत्रें बाजारांत दहाअकरा हजारांस लोळत पडलेलीं दिसतात. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली तर तीं खुशाल आणखी पांच वर्षें चालतील, आणि एकट्या आमच्यासाठीं घ्यावयाचें असतें तर आम्हीं तोच मार्ग धरला असता. परंतु प्रबंध बाईंकडे जावयाचा, बाईंकडून लाल खुणांसह परत यावयाचा. त्या देवघेवींत नवीं विघ्नें नकोत असें पुतणीचें म्हणणें पडलें, आणि तें रास्त होतें.

आम्ही गिरगांवांत राहतों, तेव्हां लॅमिंग्टन रोड म्हणजे हाकेच्या अंतरावर. १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव ह्या रस्त्यास होतें. आतां तो डॉ. भडकमकर मार्ग झाला आहे, पण धंद्यांतील माणसाच्या तोंडीं अजून जुनेंच नांव आहे. आमच्या लहानपणीं हा रस्ता आम्हांस ठाऊक होता तो चित्रगृहांसाठीं. मिनर्व्हांत 'शोले' वर्षानुवर्षें मुक्कामास होता, तेव्हां त्या गर्दींतून शाळेंतून घरीं परतणें हें एक संकटच असे. आतां तेथें तारा, पडदे, कळफलक आणि स्मरणपट्ट्या यांच्या दुकानांची रांग आहे, आणि जुन्या लॅपटॉपांचे ढीग तर दप्तरखान्यांतील फाइलींसारखे रचलेले असतात.

हे ढीग येतात कोठून, हें कळल्यावर आमची भीति पुष्कळ कमी झाली. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठीं हजारोंनीं यंत्रें घेतात, बहुधा भाडेपट्ट्यानें, आणि तीनचार वर्षांनीं सर्वच्या सर्व बदलतात. निघालेला माल गठ्ठ्यानें व्यापाऱ्यांकडे जातो. अशीं यंत्रें दिसावयास रुक्ष असतात, पण दररोज आठ तास राबावयाचीं म्हणून बांधणी पक्की असते. थिंकपॅड हें नांव आय. बी. एम. कंपनीनें १९९२ सालीं काढलें आणि २००५ पासून तें लिनोव्हो कंपनीकडे आहे. त्यांतील बहुतेक यंत्रांची खालची पाठ साध्या पेंचकसानें उघडते, आणि तें उघडावें कसें ह्याचें पुस्तकहि निर्मात्यानें सर्वांस खुलें ठेवलें आहे. ज्या वस्तूचें पोट घरीं उघडून पाहतां येतें तिच्यावर आमच्या पिढीचा विश्वास लौकर बसतो.

चार दुपारीं आम्ही काकापुतणी त्या रस्त्यावर हिंडलों. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' अशी प्रतवारी व्यापारी करतात, पण ती मुख्यतः बाह्यांगाची. ओरखडे नाहींत म्हणजे 'ए'. आंत काय आहे ह्याचा तिच्याशीं फारसा संबंध नाहीं. पहिल्या दुपारीं आम्ही ह्या चकचकीतपणास भुललों होतों. एक यंत्र अगदीं नव्यासारखें दिसलें. पण पुतणीनें तें बाजूस वळवून पाहिलें तों पडद्यावरचें चित्र काळवंडून उलटें दिसूं लागलें. हलक्या जातीच्या पडद्याचें हें लक्षण. शिवाय एकाच नमुन्याच्या यंत्रांत दोन तऱ्हेचे पडदे असतात, एक भरड आणि एक बारीक विणीचा, आणि विकणारा ह्याचा उल्लेख आपण होऊन क्वचितच करतो. दिवसाचे सहा तास ज्यास त्या पडद्याकडे पाहावयाचें आहे त्यानें शंभर रुपये इकडेतिकडे करण्यापेक्षां हें एक पाहिलें तर डोळे दुवा देतील.

स्मरणपट्टीचेंहि असेंच. थिंकपॅडच्या टी ४८० ह्या २०१८ सालच्या नमुन्यांत तिला दोन खांचा आहेत. आज आठ जी. बी.वर भागवावें आणि हातांत पैसे आले म्हणजे दुसरी पट्टी बसवावी. त्याच्याच सडपातळ भावांत पट्टी कांहीं अंशीं किंवा सर्वस्वीं मुख्य फळीस डाग देऊन जोडलेली असते. कित्येक सडपातळ यंत्रांचें असेंच आहे : दिसतात देखणीं, पण वाढावयास जागा नाहीं.

कळफलकाची परीक्षा करण्याची युक्ति मात्र आमची स्वतःची, आणि तिचा आम्हांस थोडा अभिमान आहे. दुकानदार इंग्रजी अक्षरें इकडून तिकडे दाबून दाखवितो. आम्हीं यंत्र मराठी इन्स्क्रिप्टवर नेलें. ह्या मांडणींत स्वर डाव्या हातास आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हातास असतात, आणि शिफ्टची कळ दाबून व सोडून एकेका कळींतून दोन दोन अक्षरें निघतात. त्यामुळें अ पासून ज्ञ पर्यंत वर्णमाला एकदां लिहिली कीं जवळजवळ प्रत्येक कळ दोनदां तपासली जाते. एका यंत्रांत 'ढ' उमटेना. दुकानदार म्हणाला, हें अक्षर कितीसें लागतें! पुतणी हंसली, पण तिनें यंत्र खालीं ठेवलें.

विजेच्या सांठ्याविषयीं कोणाच्या शब्दावर जाण्याचें कारणच नाहीं. विंडोजमध्यें एक लहानशी आज्ञा दिली कीं यंत्र स्वतःच अहवाल काढून देतें : बॅटरी नवी असतांना तिची धारणशक्ति किती होती आणि आज किती उरली आहे. आम्हीं पाहिलेल्या एका यंत्रांत चोवीस एककांपैकीं नऊच उरलीं होतीं, आणि विक्रेता "चार तास आरामांत" असें सांगत होता. टी ४८० मध्यें एक बॅटरी पोटांत आणि दुसरी बाहेरून काढतां-घालतां येण्यासारखी असते. बाहेरची थकली तर ती बदलण्यास कारागीर लागत नाहीं.

तिसरी दुपार आणि चौथी दुपार ह्यांच्यामध्यें ती गोष्ट घडली. दादांच्या ओळखीच्या एकांच्या ओळखीचे एक गृहस्थ रात्रीं घरीं आले आणि त्यांनीं कापडी पिशवींतून एक लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. अकरावी पिढी, सोळा जी. बी., पडदा सुरेख, बॅटरी जवळजवळ नवी. आणि किंमत चौदा हजार. पावती नाहीं, पण "घरचाच माल समजा" असें म्हणाले. दादांचा चेहरा खुलला. आमचाहि खुलला असावा. पुतणीनें वर्णमाला लिहिली, अहवाल काढला; सर्व उत्तम. मग तिनें तो पुसून अगदीं कोऱ्यापासून सुरू करून पाहण्याची परवानगी मागितली. गृहस्थ जरा घुटमळले, पण नाहीं म्हणतां येईना. अर्ध्या तासानें यंत्र पुन्हां चालू झालें आणि तिनें तें घरच्या वायफायला जोडलें. पडद्यावर एका मोठ्या कंपनीचें नांव आलें. आपलें येथें स्वागत आहे, आपल्या कचेरीच्या खात्यानें आंत या, अशा अर्थाचीं दोन वाक्यें होतीं.

खोलींत कोणी बोलेना. पुतणीनें विचारलें, "हा कोणाचा आहे?"

"आतां तुमचा," ते म्हणाले. आणि पुढें अशीहि पुस्ती जोडली कीं सुरू करतांना इंटरनेट जोडूं नका, म्हणजे तो कांहीं एक विचारणार नाहीं.

वाचकांचा गैरसमज होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, एवढ्यावरून तो चोरीचा ठरत नाहीं. कंपन्या आपलीं यंत्रें निर्मात्याकडे आपल्या नांवें नोंदवून ठेवतात; विकतांना ती नोंद काढून टाकणें हें त्यांच्या माणसाचें काम, आणि तें कधीं कधीं राहून जातें. पण तसें असेल तर कंपनीचा विक्रीचा कागद असतो, निदान व्यापाऱ्याची पावती असते. येथें तें कांहींच नव्हतें. दोन दिवस ठेवा, विचार करा, असें म्हणून गृहस्थ यंत्र आमच्याकडेच ठेवून गेले. माल टेबलावर असला म्हणजे मन मऊ होतें, हें त्यांना चांगलें ठाऊक असावें.

त्या रात्रीं आम्ही स्वतः मोहांत पडलों होतों, हें लपवीत नाहीं. अकरा हजार उरत होते. दादा म्हणाले, एवढ्या मोठ्या कंपनीस एका यंत्राची काय क्षिति? आम्हांसहि मनांतल्या मनांत तें पटत होतें, आणि भारतीय न्याय संहितेचें ३१७ वें कलम आठवत असूनहि पटत होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ह्या कायद्यांत, माल चोरीचा आहे हें माहीत असतां किंवा तसें मानण्यास कारण असतां जो तो लबाडीनें घेतो, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. "तसें मानण्यास कारण" तर पडद्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून आलेलें! तरीहि आम्ही गप्प होतों.

पुतणी म्हणाली, "काका, माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर जात्याचें चित्र चिकटवलेलें होतें. तें एव्हांना कोणीतरी खरवडून काढलें असेल. तोहि असाच कोणाच्या तरी टेबलावर असेल, आणि तिथेंहि कोणीतरी म्हणत असेल, माल सुरेख आहे."

ह्यावर दादा उठून गॅलरींत गेले. परंतु निकाल लागला तो वहिनींच्या बोलण्यानें, आणि त्या कांहीं नीतीचें बोलल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "उद्यां त्या कंपनीनें तिकडून कुलूप घातलें तर हिचें चौथें प्रकरण आंत अडकेल. एकदां गेलें तेवढें पुरें." सकाळीं दादा स्वतः पिशवी घेऊन तें यंत्र परत देऊन आले. तेथें काय बोलणें झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं.

चौथ्या दुपारीं आम्हीं टी ४८० घेतला, साडेवीस हजारांस. कांठाला दोन ओरखडे आहेत आणि एका कोपऱ्यास ठेंच लागलेली आहे, म्हणून तो 'बी ग्रेड'. पण पडदा बारीक विणीचा, आणि 'ढ' झकास उमटतो. बाहेरची बॅटरी दमलेली होती ती दुकानदारानें त्याच किंमतींत बदलून दिली. त्याच्यासमोरच यंत्र पुसून, इंटरनेट जोडून सुरू केलें. कोणत्याहि कंपनीनें आमचें स्वागत केलें नाहीं. बायॉसला, म्हणजे यंत्राच्या मुळाशीं असलेल्या प्रणालीस, परवलीचा शब्द नाहीं ना, हेंहि पाहिलें. कारण थिंकपॅडमध्यें तो एकदां घातलेला असला तर सरळ मार्गानें निघत नाहीं, मुख्य फळीच बदलावी लागते. पाठीवरचा अनुक्रमांक, आंतला अनुक्रमांक आणि पावतीवर लिहिलेला अनुक्रमांक तिन्ही ताडून पाहिले. दुकानदारास आम्ही फार चिकित्सक वाटलों असूं. आमची हकीकत कळल्यावर मात्र त्यानें पावतीवर तीन महिन्यांची हमी आपण होऊन लिहिली आणि चहा मागविला.

उरलेल्यांतून साडेतीन हजारांची बाहेरची साठवण-डिस्क आली. दर रात्रीं जेवणानंतर तीवर प्रत उतरवून ती वहिनींच्या कपाटांत ठेवावयाची असा दंडक झाला आहे. हजार रुपये नव्या पिशवीस गेले.

घरीं आल्यावर आईनें प्रथम पौषांत खरेदी केल्याबद्दल नाक मुरडलें. वहिनी म्हणाल्या, "अहो, तो नवा नाहींच, मग त्याला पौष कसला?" हें तिला पटलें. तिनें यंत्रास हळदकुंकू वाहिलें आणि अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहवून घेऊन तो कागद तांब्यापितळेच्या भांड्यांच्या यादीच्या वहींत ठेवला. चोरीस गेलेल्या लॅपटॉपचा अद्याप कांहींच पत्ता नाहीं. पुतणी रोज पहाटे कानांत नळ्या घालून त्याच ओव्या पुन्हां ऐकते आणि पुन्हां लिहिते. तिसरें प्रकरण माघांत एकदांचें बाईंकडे गेलें. जे शब्द आतां कोणासच विचारतां येत नाहींत तेथें तिनें टिंबें ठेवलीं आहेत.

आईची एक चौकशी मात्र त्याच संध्याकाळीं झाली : ह्याचा खोका कोठें आहे? जुन्या यंत्रास खोका नसतो, हें तिला कांहीं केल्या खरें वाटेना. शेवटीं तिनें माळ्यावरून चोरीस गेलेल्याचा खोका काढावयास लावला आणि त्यांत हा बसतो कीं काय तें पाहिलें. हा बोटभर मोठा भरला. खोका पुन्हां माळ्यावर गेला.